देवगिरीचे ताल, पॅरिसचा ऑर्गन

ऑर्गन म्हटले की मराठी रसिकाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटक येते. रंगमंचासमोर बसलेला वादक, पायांनी हलणारा भाता आणि नांदीचा पहिला सूर. आमच्या लातूर-नांदेडकडे तर 'पेटी' हा शब्द पुरतो. भजनी मंडळाची पेटी, शाळेतली पेटी, नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तनाला साथ करणारी पेटी. ही पेटी मुळात फ्रान्सची. अलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये पॅरिसला 'हार्मोनियम' या नावाने तिचे पेटंट घेतले. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी पायांचा भाता हाताशी आणला आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली.

फ्रान्सकडून आपल्याकडे काय आले, हे असे सर्वांना ठाऊक असते. उलट दिशेच्या प्रवासाची वार्ता मात्र क्वचित होते. तेराव्या शतकात मराठवाड्यातल्या देवगिरीच्या दरबारात लिहिलेली तालांची एक यादी विसाव्या शतकात पॅरिसच्या एका चर्चमधल्या ऑर्गनवादकाच्या हाती लागली आणि फ्रेंच ऑर्गनसंगीताची लय बदलून गेली. या घटनेचा अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. पण ती यादी तिथे नेमकी का रुजली आणि जाताना तिचे काय मागे राहिले, हे पाहिल्याशिवाय तो अभिमान पोकळ ठरेल. त्यासाठी आधी वाद्याकडे पाहायला हवे.

वाऱ्याचे यंत्र

पाइप ऑर्गन आणि आपली पेटी यांचे नाते दूरचे आहे. पेटीत पितळी पत्ती कंप पावते. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते, बहुतेक नळ्या बासरीसारख्या वाजणाऱ्या आणि काही पत्तीच्या. मोठ्या ऑर्गनमध्ये अशा हजारो नळ्या असतात. नळीची लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. म्हणून ऑर्गनचे वादक नळ्यांच्या रांगा फुटांत मोजतात. आठ फुटी रांग म्हणजे पट्टीवर दिसतो तोच सूर. चार फुटी रांग त्याच पट्टीवर एक सप्तक वर वाजते, सोळा फुटी एक सप्तक खाली. वादकाच्या दोन्ही बाजूंना खुंट्या असतात. जी खुंटी ओढावी ती रांग बोलू लागते. कोणत्या खुंट्या एकत्र ओढायच्या, ही या वादनातली पहिली विद्या.

फ्रेंच ऑर्गनमधली एक रांग आपल्या कानाला चटकन ओळखू येईल. तिचे माप १ पूर्णांक ३ पंचमांश फूट. आठ फुटांचा पाचवा भाग, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपने. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडता जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. आपण तो तारेतून उमटण्याची वाट पाहतो, फ्रेंच कारागिरांनी त्याच्यासाठी वेगळ्या नळ्या ओतल्या आणि मूळ सुरात मिसळल्या. 'तिएर्स' नावाच्या या रांगेचा काहीसा अनुनासिक, गहिरा रंग सतराव्या शतकापासून फ्रेंच ऑर्गनची ओळख झाला.

दुसरी गोष्ट या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पेटीवर भाता जोरात दाबला की आवाज चढतो. पखवाजावर थाप जोरात पडली की सम उठून दिसते. पाइप ऑर्गनमध्ये वाऱ्याचा दाब मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच मोठा. शिवाय पट्टी धरून ठेवली तर तो विरतही नाही, तासभर तसाच राहील. म्हणजे या वाद्याला आघात नाही आणि ओसरणेही नाही. मग लय दाखवायची कशाने? एकच मार्ग उरतो. कोणता सूर किती वेळ धरला आणि दोन सुरांमध्ये किती वेळ सोडली, एवढ्यावरच. फ्रेंच ऑर्गनवादनाचा सारा इतिहास या एका अडचणीशी झुंजण्याचा इतिहास आहे.

लिहिलेले आणि वाजवलेले

१६९० मध्ये पॅरिसच्या सँ-जर्व्हे चर्चचा ऑर्गनवादक फ्रांस्वा कुप्रँ याने ऑर्गनसाठी दोन मासरचना प्रसिद्ध केल्या. तेव्हा तो पुरता बावीस वर्षांचाही नव्हता. या रचना सलग वाजवण्यासाठी नव्हत्या. उपासनेत गायकवृंद स्तोत्राचे एक चरण गायचा आणि पुढच्या चरणाच्या जागी ऑर्गन वाजायचा, मग पुन्हा गायक. वारकरी कीर्तनात बुवा आणि टाळकरी आलटूनपालटून चाल पुढे नेतात, त्याची आठवण व्हावी अशी ही रीत. म्हणूनच या संग्रहांतले तुकडे लहान असतात आणि त्यांची शीर्षके बहुधा रंगांची असतात: कोणत्या खुंट्या ओढायच्या आणि धून डाव्या हाताने मधल्या पट्टीत वाजवायची की खर्जात, हे शीर्षकातच सांगितलेले. रँस इथल्या कॅथीड्रलचा वादक निकोला द ग्रिन्यी याचा १६९९ चा संग्रह या परंपरेतला परमोच्च मानतात. जर्मनीत तरुण बाखने तो संपूर्ण ग्रंथ स्वतःच्या हाताने उतरवून घेतला होता.

या रचनांच्या कागदावर एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही. ओळीने येणारे सारख्या मूल्याचे सूर सारखे वाजवायचे नाहीत. जोडीतला पहिला जरा लांबवायचा, दुसरा जरा आखूड करायचा. किती, ते चालीवर आणि वादकाच्या रुचीवर अवलंबून. आम्ही फ्रेंच लोक लिहितो एक आणि वाजवतो दुसरेच, अशा आशयाची कबुली कुप्रँनेच आपल्या १७१६ च्या वादनविषयक पुस्तकात दिली आहे. ज्याला गुरू होता त्याला हे सांगायची गरज नव्हती.

मग १७८९ ची राज्यक्रांती झाली. चर्चची मालमत्ता जप्त झाली. कित्येक ऑर्गन मोडले आणि त्यांच्या नळ्यांतले शिसे व कथील विकले गेले. वादकांची उपजीविका गेली, शिष्य येईनासे झाले. कुप्रँ-ग्रिन्यींचे ग्रंथ उरले, पण ते वाजवायचे कसे हे सांगणारी साखळी तुटली. त्यांच्या रचना विसाव्या शतकात नव्याने वाजू लागल्या तेव्हा अभ्यासकांना जुनी पुस्तके, उरलेसुरले ऑर्गन आणि जुन्या यांत्रिक वाद्यांचे दंडगोल तपासून ती असमान चाल पुन्हा जुळवावी लागली. आजही त्याच तुकड्याची दोन वादकांची चाल वेगळी ऐकू येते.

कावाये-कॉलचा वाद्यवृंद

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच ऑर्गनला दुसरा जन्म दिला तो आरिस्तिद कावाये-कॉल (१८११–१८९९) या कारागिराने. सँ-देनी इथला त्याचा ऑर्गन १८४१ मध्ये पुरा झाला. मोठ्या ऑर्गनमध्ये अनेक पट्ट्या एकमेकींना जोडल्या की बोटांना प्रचंड जोर लागे. चार्ल्स बार्कर या इंग्रजाने लहान भात्यांच्या मदतीने हा भार हलका करण्याची युक्ती शोधली होती, ती कावाये-कॉलने उचलली. काही नळ्या झडपांच्या खोक्यात बसवून पायाने झडप उघड-मीट करायची सोयही त्याने वाढवली. आता निदान त्या नळ्यांचा आवाज हळूहळू वाढू-ओसरू लागला. पॅरिसच्या सँ-स्युल्पिसमधला १८६२ चा त्याचा ऑर्गन पाच पट्ट्यांचा आणि शंभर खुंट्यांचा. सेझार फ्रांक, शार्ल-मारी विदोर, लुई व्हिएर्न यांनी या वाद्यांसाठी लिहिले. विदोरने तर ऑर्गनसाठीच्या रचनांना सरळ 'सिम्फनी' म्हटले. तो सँ-स्युल्पिसला १८७० पासून चौसष्ट वर्षे वाजवत होता. व्हिएर्न जवळजवळ अंध. २ जून १९३७ रोजी नोत्र दाममध्ये मैफल चालू असताना ऑर्गनच्या बाकावरच त्याला मृत्यू आला.

झडपांचे खोके आले तरी आघाताची अडचण सुटली नव्हती. आवाज हळूहळू वाढवता येई, एका सुरावर ठोसा देता येत नसे. त्यातून या मंडळींनी मौनाचेही गणित बसवले. विदोरचा शिष्य मार्सेल द्युप्रे याने १९२७ मध्ये ऑर्गनवादनाची पद्धती छापली. तीत साधारण असा दंडक आहे की एकच सूर लागोपाठ दोनदा आला, तर पहिल्याचा निम्मा काळ वाजवायचा आणि निम्मा रिकामा सोडायचा. बाकीचे सूर एकमेकांना घट्ट चिकटलेले. दगडी कमानींखाली सूर काही सेकंद घुमत राहतो, तिथे ही मोजलेली पोकळी नसेल तर ऐकणाऱ्याला दोन सुरांचा एकच वाटेल. बोलांइतकीच अबोलाची मात्रा मोजणारा हा संप्रदाय होता. याच द्युप्रेच्या वर्गात ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) शिकला. १९२९ मध्ये त्याने ऑर्गन व आशुवादनाचे पहिले पारितोषिक मिळवले. १९३१ मध्ये तो पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा वादक झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

हिशेबनिसाची यादी

आता सातशे वर्षे मागे, आपल्या मातीत. यादव राजा सिंघण (सुमारे १२१० ते १२४७) याच्या राज्यात आजचा सारा मराठवाडा येतो. त्याच्या देवगिरीच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबा भास्कर दक्षिणेत आलेले, वडील सोढल राजसेवेत. शार्ङ्गदेव स्वतः 'श्रीकरणाधिप', म्हणजे राज्याच्या लेखा-हिशेबाचा प्रमुख. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांच्या या ग्रंथाचा पाचवा अध्याय तालाचा. त्यात जुन्या मार्गी तालांनंतर एकशेवीस देशी तालांची यादी येते.

यादी वाचताना हिशेबनिसाचा हात जाणवतो. प्रत्येक तालाचे नाव आणि त्याची मापे. द्रुत म्हणजे अर्धा, लघु एक, गुरु दोन, प्लुत तीन. एखाद्या मापाला 'विराम' जोडला की त्यात त्याच्या निम्म्याची भर. बस, एवढेच. आज आपण ज्याला ठेका म्हणतो, धा-धिन-धिन-धा असे भरलेले बोल, ते या यादीत नाहीत. उदाहरणार्थ 'ढेंकी' हा ताल: गुरु, लघु, गुरु. शाळेत 'यमाताराजभानसलगं' पाठ केलेल्या कोणालाही तो ओळखू येईल. 'राजभा', म्हणजे रगण. टाळी वाजवून पाहा: दोन, एक, दोन. उलटा म्हणा, तरी तोच.

इथे मराठी वाचक पॅरिसच्या वाचकापेक्षा एक पाऊल पुढे आहे. 'मनाचे श्लोक' म्हणताना आपण कुठल्याही अक्षरावर जोर देत नाही. भुजंगप्रयाताची चाल कळते ती लघु-गुरूंच्या लांबीवरून. आघाताशिवाय, केवळ काळाच्या लांबी-आखूडपणावर उभी असलेली लय आपल्या तोंडी लहानपणापासून आहे.

त्रिनितेचा वादक

लाव्हिन्याक याने संपादित केलेल्या फ्रेंच संगीत-विश्वकोशात झोआनी ग्रोसे याचा भारतीय संगीतावर प्रदीर्घ लेख आहे. त्यात शार्ङ्गदेवाचे एकशेवीस ताल पाश्चात्त्य चिन्हांत उतरवलेले आहेत. विद्यार्थिदशेतल्या मेसियाँला हे पान सापडले आणि त्याने ते आयुष्यभर सोडले नाही. १९४४ मध्ये आपल्या संगीतभाषेवर त्याने पुस्तक लिहिले, त्यात 'रागवर्धन' या तालापासून आपल्या लयविचाराची सूत्रे उलगडून दाखवली.

सूत्रे तीन. पहिले, भर घालणे: ठरावीक लयीत एखाद्या सुराला अर्ध्या मापाची भर द्यायची, म्हणजे चाल लंगडते आणि जिवंत होते. ही शार्ङ्गदेवाच्या विरामाचीच शिकवण. दुसरे, वाढवणे-घटवणे: मापे सरसकट दुप्पट न करता पाऊण, सव्वा, दीड अशा हिशेबाने बदलायची. तिसरे, उलटे न होणारे लयबंध: डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. ढेंकी हा त्याचा सर्वांत साधा नमुना. ढेंकीच्या मधल्या लघूला निम्म्याची भर द्या, म्हणजे दोन, दीड, दोन. उलटा वाचला तरी तोच राहील, पण कोणत्याही ओळखीच्या ठेक्यात तो बसणार नाही.

१९३५ च्या 'ला नातिव्हिते' या नऊ भागांच्या ऑर्गनरचनेत ही भर घातलेली चाल जागोजागी ऐकू येते. १९५१ मध्ये लिहिलेल्या 'लिव्र दॉर्ग'च्या पहिल्याच भागात तीन देशी ताल नाटकातल्या पात्रांसारखे वावरतात: प्रतापशेखर, गजझंप आणि सारस. एकाची मापे वाढत जातात, दुसऱ्याची घटत जातात, तिसरा आहे तसा राहतो. ऑर्गनबाहेरही ही यादी त्याच्या सोबत होती. जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत रचलेल्या आणि १५ जानेवारी १९४१ रोजी तिथेच वाजवलेल्या त्याच्या चौघांच्या रचनेत पियानोचा सतरा मापांचा लयबंध रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांचा बनलेला आहे.

मला यातली खरी गंमत अशी वाटते. ही यादी पॅरिसच्या एखाद्या ढोलवादकाच्या हाती पडली असती, तर त्याने विचारले असते, बोल कुठे आहेत? जोर कुठे द्यायचा? यादी मुकी राहिली असती. ती पडली एका ऑर्गनवादकाच्या हाती. त्याच्या वाद्याला आघातच नव्हता. धरणे आणि सोडणे, एवढीच त्याची लय. ज्या संप्रदायात तो शिकला तिथे मौनाचीही मापे मोजली जात. शार्ङ्गदेवाच्या यादीतही तेवढेच होते: निव्वळ काळ. दोन्हींकडच्या उणिवा एकमेकींना नेमक्या जुळल्या. मेसियाँला भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ होती म्हणून हे घडले, असे कोणी सांगू लागले तर ते अर्धेच उत्तर होईल. आपल्या धर्माचा तो निष्ठावान कॅथलिक होता. यादी त्याला भावली ती बोटांच्या अनुभवातून.

मागे काय राहिले

शार्ङ्गदेवाच्या तालाध्यायात हातांच्या क्रिया सांगितल्या आहेत, चार नि:शब्द आणि चार सशब्द. ताल हा हाताने दाखवायचा, देहाने धरायचा विषय होता. त्यावर प्रबंध गायले जात, नृत्य होत असे. यातले काहीही विश्वकोशाच्या पानातून पॅरिसला गेले नाही. आवर्तनही गेले नाही. आपल्याला ताल म्हणजे पुन्हा समेवर येणे. मेसियाँच्या लयीला सम नाही, ती पुढे सरकते किंवा आपल्याच मध्याभोवती उभी राहते. तेव्हा त्याने 'आपले ताल' वाजवले, असे म्हणणे फार सैल बोलणे झाले. त्याने आपल्या तालांची मापे घेतली आणि त्यांतून स्वतःचे काही बांधले.

पण ते देहाचे अंग आपल्याकडे तरी राहिले का? पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये 'संगीतरत्नाकर' छापला, तेव्हा त्यातले बहुतेक देशी ताल प्रत्यक्ष गायन-वादनातून कधीच गेले होते. आपल्या मैफिलीत त्रिताल, एकताल, झपताल. भजनात धुमाळी, केरवा. प्रतापशेखर कोणत्या हाताने, कोणत्या लयीत धरायचा, हे दाखवणारे घराणे मराठवाड्यात नाही. आपणही ती यादी ग्रोसेप्रमाणे पानावरच वाचतो. फरक इतकाच की पॅरिसच्या वादकाने त्या पानावरून काही वाजवले.

कुप्रँची असमान चाल आणि शार्ङ्गदेवाचे देशी ताल यांचे भाग्य सारखेच आहे. ग्रंथ टिकला, हात गेला. ज्या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात त्या कोणी लिहीत नाही, आणि लिहिल्या नाहीत म्हणून त्या सर्वांत आधी नाहीशा होतात. फ्रेंचांना निदान जुने ऑर्गन आणि दंडगोल उरले होते. आपल्याकडे वाद्याचे चामडे आणि माणसाचा हात, दोन्ही नाशवंत.

म्हणून देवगिरीच्या यादीचा विचार करताना माझे लक्ष नांदेड-लातूरच्या आजच्या हातांकडे जाते. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतला संबळ, गोंधळ्याची चाल, वारकरी फडावरच्या पखवाजाची ती विशिष्ट ओढ, जी बोल लिहून सांगता येत नाही. विद्यापीठातले संशोधक बोल टिपून घेतात, ते आवश्यकच आहे. पण टिपलेले बोल ही शार्ङ्गदेवाचीच यादी. नाव आणि मापे. त्यासोबत जोवर कोणी त्या वादकाशेजारी दोन-चार वर्षे बसत नाही, हात कुठे थांबतो आणि किती थांबतो ते पाहत नाही, तोवर आपण पुढच्या सातशे वर्षांसाठी आणखी एक मुके पान तयार करत असतो.

ते पान कदाचित पुन्हा कुठल्या दूरच्या वादकाला सापडेल आणि तो त्यातून काही थोर निर्माण करील. त्याचा आनंदच वाटावा. पण आपली चाल कशी होती, हे त्याला विचारायला जाण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. संबळ वाजवणारे हात आज आहेत आणि त्यांच्याशेजारी बसायला जागाही आहे.